परवानगी घेऊन केलेलं नुकसान: गुन्हा म्हणायचं का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या खाडीत (गाव सांगत नाही, रत्नागिरी जिल्हा एवढं पुरे) पहाटे महसूलवाल्यांनी एक पडाव (मालवाहू होडी) धरला. वर दोन माणसं, दोन घमेली, बांबूला बांधलेली बादली आणि अर्धा ब्रासही भरणार नाही एवढी ओली वाळू. रॉयल्टीची पावती नाही. पंचनामा झाला, पडाव जप्त झाला, दोघांवर चोरीचा गुन्हा लागला. भारतीय न्याय संहिता, कलम ३०३. सगळं नियमाप्रमाणे.

तिथून दोन वळणं वर एक पाइप खाडीत उतरतो. पहिला पाऊस पडला की त्याच्या तोंडाशी पिवळट फेस धरतो आणि दुसऱ्या दिवशी बोईटं पोट वर करून काठाला लागतात. या पाइपाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आहे. पोलीस ठाण्याच्या डायरीत त्याचं नाव कधी आलेलं नाही.

लेक समाजशास्त्रात एमए करतेय. तिला 'हरित गुन्हेशास्त्र' नावाचा विषय आहे, म्हणून तिच्या नोट्स चाळल्या आणि हा पाइप डोक्यात बसला. मायकल लिंच या अमेरिकन अभ्यासकाने १९९० मध्ये ही शाखा मांडली. त्याच्या कितीतरी आधी, १९३९ मध्ये, सदरलँड या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं की गुन्हेशास्त्र गरिबाचे गुन्हे मोजतं आणि कोटवाल्याचे सोडून देतं. हरितवाले आणखी पुढे गेले. त्यांचं म्हणणं, कायद्याचं पुस्तक उघडून मोजायला बसलात तर कायद्याने जे पाहायचं ठरवलंय तेवढंच दिसेल. त्यापेक्षा इजेपासून सुरुवात करा: माणसाला, जनावराला, नदीला काय इजा झाली आणि ती कुणी केली. टास्मानियाचे रॉब व्हाइट यांनी हाच धागा हवामानबदलापर्यंत नेला.

याउलट नेहमीच्या पठडीतलं संशोधन बघा. २०१४ मध्ये एका अर्थतज्ज्ञाने हिशोब मांडला की तापमानवाढीमुळे अमेरिकेत २०१० ते २०९९ या काळात सुमारे २२ हजार जादा खून होतील. हिशोब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण उकाड्याने डोकं फिरून चाकू काढणारा मोजला, उकाडा वाढवणारा मोजलाच नाही.

आणि वाढवणाऱ्याला माहीत नव्हतं असंही नाही. एक्झॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७ मध्येच कंपनीच्या वरिष्ठांना कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापेल हे सांगितलं होतं. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेले अंदाज २०२३ मध्ये 'सायन्स'मधल्या एका निबंधात तपासले गेले, तर त्यातले ६३ ते ८३ टक्के बरोबर निघाले. बाहेर मात्र ही कंपनी 'विज्ञान अजून अनिश्चित आहे' म्हणत राहिली. 'माहीत असून केलं' याला फौजदारी कायद्यात काय वजन आहे ते इथल्या वकिलांनी सांगावं.

आपण तर उलट दिशेने निघालोय. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ च्या कलम १५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून तिथे दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. माझं मत: हे गुन्हे आहेत, त्यांना गुन्हेच म्हणावं. तुमचं?

वकीलकाका

लेख आवडला, निष्कर्ष नाही. गुन्हा हा शब्द शिवी म्हणून वापरायचा असेल तर खुशाल वापरा. कोर्टात मात्र त्या शब्दामागे कोठडी असते. घटनेचं कलम २०(१) सांगतं की कृत्य केलं तेव्हा ते कायद्याने गुन्हा नव्हतं, तर शिक्षा नाही. हे कलम फक्त कंपन्यांची ढाल नाही, तुमच्या पडाववाल्यालाही तेच वाचवतं. उद्या 'इजा झाली म्हणजे गुन्हा' असं धरलं तर इजा ठरवणार कोण? सरकार. मग ते पहिल्यांदा कोणाला उचलेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरं, पुरावा. फौजदारीत वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं. चिपळूणच्या २०२१ च्या पुरातलं कुठलं पाणी कुठल्या चिमणीमुळे आलं, हे शंकेपलीकडे सिद्ध करून दाखवा, मी सनद परत करतो.

तिसरं, जिथे गुन्हा होता याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं तिथे फौजदारीने काय दिलं? भोपाळ. डिसेंबर १९८४. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आरोप ३०४ भाग दोनवरून ३०४-अ वर आणले, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा निष्काळजीपणा झाला. ७ जून २०१० ला दोन वर्षांची शिक्षा आणि त्याच दिवशी जामीन. हिंदी सिनेमात पाकीटमाराला यापेक्षा जास्त होते. जनविश्वासवर तुम्ही चिडलात, पण जुन्या कलम १५ खालचे खटले दंडाधिकाऱ्यांपुढे कसे कुजायचे ते मी पाहिलंय. चटकन ठोठावलेला दंड परवडतो.

उगाचच

काका, पंधरा लाख ही मोठ्या कारखान्याला शिक्षा नाही, टोल आहे. फास्टॅग लावून टाका.

वकीलकाका

दंड नव्वद दिवसांत भरला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद अजून आहे. दुरुस्ती पूर्ण वाचा.

उगाचच

वाचली. म्हणजे नदी मारली म्हणून कैद नाही, पावती फाडली नाही म्हणून कैद. पडाववाल्याचंही तेच झालंय की.

बॉयलरवाला

धागाकर्त्यांनी हे सगळं टाइप केलं त्या फोनला वीज कुठून आली? मी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात बावीस वर्षं पाळी केली. एप्रिलमध्ये बाहेर ४६ आणि बॉयलरपाशी किती ते विचारू नका. तिथून घरी आल्यावर कोणी सांगितलं की तू गुन्ह्यात सामील आहेस, तर मला राग येणारच.

आणि कोणीतरी आता ते '१०० कंपन्या, ७१ टक्के उत्सर्जन' आणेल, म्हणून आधीच सांगतो. २०१७ च्या त्या अहवालातला आकडा १९८८ पासूनच्या औद्योगिक उत्सर्जनाचा आहे आणि यादीत सगळ्यात वर चीनचा सरकारी कोळसा आहे. आपली कोल इंडियाही आहे. शिवाय त्यातला बहुतेक धूर कंपनीच्या आवारात निघालेला नाही, त्यांचं इंधन विकत घेऊन आपण जाळलं तेव्हा निघालेला आहे. आता बेड्या कोणाला? कोल इंडियाच्या अध्यक्षांना? ती सरकारची, सरकार आपण निवडलेलं. सगळेच आरोपी असतील तर आरोपी कोणीच नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

बॉयलरवाले, राग समजतो. पाळीवरचा माणूस आरोपी आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ७१ टक्क्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणूनच मी तो आकडा घेतला नव्हता. सरकार आणि कंपनी मिळून जे करतात त्यालाही या शास्त्रात वेगळं नाव आहे, राज्य-कंपनी गुन्हा. क्रेमर आणि मिचालोव्स्की यांनी ते १९९० च्या सुमारास दिलं. त्यामुळे 'सरकारच सामील आहे' हे उत्तर तिथे बचाव ठरत नाही.

पण एक गंमत. १९५७ मध्ये साइक्स आणि माट्झा या समाजशास्त्रज्ञांनी वाया गेलेल्या पोरांचा अभ्यास करून ती स्वतःची समजूत कशी घालतात त्याच्या पाच तऱ्हा नोंदवल्या: जबाबदारी माझी नाही, इजा झालीच नाही, ज्याला झाली तो त्याच लायकीचा, बोट दाखवणारा तरी कुठे धुतल्या तांदळाचा, आणि मी हे मोठ्या कारणासाठी केलं. तुमच्या प्रतिसादात पहिली आणि चौथी चोख आहेत. पाचवी अर्धी.

बॉयलरवाला

वा. म्हणजे मी वाद घातला की तो माझ्या अपराधाचा पुरावा, आणि गप्प बसलो की कबुली. असलं शास्त्र भोंदूबाबाकडेही असतं. 'बोट दाखवणारा तरी कुठे स्वच्छ' हा कधीकधी खरोखरचा मुद्दा असतो, पळवाट नव्हे. भारताने दरडोई किती जाळलं आणि अमेरिकेने किती, हा प्रश्न वाया गेलेल्या पोराचा आहे का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नाही. हा फटका बसला, मान्य.

मोहफूल

गडचिरोलीतून लिहिते. तुम्ही सगळे कंपनीला गुन्हेगार ठरवायचं की नाही यावर भांडताय. पर्यावरणाच्या नावाने प्रत्यक्षात गुन्हेगार कोण ठरलं ते बघा. १९२७ चा वन कायदा. जळणाची मोळी, डोक्यावरचे बांबू, मोहाची फुलं, सगळ्यावर केस. माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी बांबूच्या एका भाऱ्यासाठी वनखात्याच्या नाक्यावर रात्र काढलीय. बांबू हे गवत, पण कायद्याच्या व्याख्येत ते झाड. जंगलाबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून वगळायला २०१७ उजाडलं.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तेव्हा संसदेने त्याच्या प्रस्तावनेत 'ऐतिहासिक अन्याय' असा शब्द घातला. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ झालं. म्हणून 'गुन्हा म्हणा, कडक शिक्षा करा' हे वाक्य ऐकलं की मला आधी आमचा नाका दिसतो. हत्यार नवीन आणलं तरी ते चालवणारा शिपाई तोच आहे.

मनाली_गुरुग्राम

मोहफूलताईंना +१. इकडे दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा अशी होते की समोरची इमारत दिसत नाही, आणि बातमीत पहिलं नाव पराली (कापणीनंतर शेतात उरलेलं भाताचं तण) जाळणाऱ्या शेतकऱ्याचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दंड दुप्पट केले: दोन एकरांखाली पाच हजार, पाच एकरांपर्यंत दहा, त्यावर तीस हजार. उपग्रहातून शेतातली आग दिसते, म्हणून तो सापडतो. धान कापल्यापासून गहू पेरायला त्याला जेमतेम वीस दिवस मिळतात, ते उपग्रहातून दिसत नाही. (आम्ही सोसायटीत जनरेटर लावतो त्याचं काय, हा प्रश्न मीटिंगमध्ये काढून बघा.)

डच्चू

मी हेगजवळ राहतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांत आहे, सायकलवरून जाताना दिसतं. तिथे सध्या चार गुन्हे चालतात: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. सप्टेंबर २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआ यांनी पाचवा सुचवला, परिसंहार (इकोसाइड). २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्याची व्याख्या केली होती. तिचा गाभा असा की पर्यावरणाची गंभीर आणि व्यापक किंवा दीर्घकाळची हानी होण्याची दाट शक्यता माहीत असूनही बेकायदा किंवा बेदरकारपणे केलेलं कृत्य.

म्हणजे वकीलकाकांची 'आधी कायदा करा' ही अट पूर्ण करायचाच हा प्रयत्न आहे. बेदरकारची व्याख्याही बघा: अपेक्षित सामाजिक-आर्थिक फायद्याच्या तुलनेत हानी उघडपणे अवाजवी असली तरच. बॉयलरवाल्यांनी निर्धास्त असावं.

वकीलकाका

मग डच्चू, याच व्याख्येतून तेल कंपनीही सुटेल. तीही फायदाच दाखवेल. शिवाय ते न्यायालय कंपनीवर खटला चालवतच नाही, फक्त माणसांवर. आणि भारत, अमेरिका, चीन यांपैकी कोणीच त्याचं सदस्य नाही. उरलं कोण?

तुमच्याच गावचं उदाहरण देतो. शेल या तेल कंपनीने २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्के कमी करावं असा निकाल २०२१ मध्ये हेगच्या न्यायालयात लागला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अपिलात तो उलटला. तोही दिवाणी.

डच्चू

उलटला, पण अपील न्यायालयाने उत्सर्जन कमी करण्याची जबाबदारी शेलवर आहे हे मान्यच केलं, नेमका टक्का लादायला नकार दिला. पेरूच्या शेतकऱ्याने जर्मनीतल्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर केलेला दावाही तसाच, मे २०२५ मध्ये फेटाळला, पण मोठा उत्सर्जक परदेशातल्या नुकसानीला जबाबदार ठरू शकतो हे तत्त्व न्यायालयाने मानलं. हरलेल्या निकालातूनच कायदा पुढे सरकतो, हे मी वकिलाला सांगतोय.

वकीलकाका

ते बरोबर. मग माझी सूचना ऐका. कार्बनवर खटला चालवू नका, खोटेपणावर चालवा. फोक्सवॅगन आठवा. गाडी चाचणीला लागली आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या, २०१५ मध्ये उघडकीला. अमेरिकेत कंपनीने २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला, २८० कोटी डॉलर फौजदारी दंड भरला आणि एक अधिकारी सात वर्षांसाठी आत गेला. कारण सरळ आहे: फसवणूक सिद्ध करता येते. धागाकर्त्यांचं एक्झॉनचं उदाहरणही नीट पाहिलं तर फसवणुकीचंच आहे.

खाडीकाठ (धागाकर्ता)

हे पटतंय, आणि नाहीही. फोक्सवॅगन पकडली गेली कारण ती खोटं बोलली. खरं बोलून तेवढाच धूर सोडला असता तर? आमचा पाइप खोटं बोलत नाही. त्याच्यावर बोर्ड आहे, त्यावर संमतीपत्राचा क्रमांक आहे.

मोहफूलताईंच्या नाक्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मूळ लेखात मी 'गुन्हेच म्हणावं' लिहिलं तेव्हा डोळ्यांसमोर पाइप होता, शिपाई नव्हता.

मोहफूल

अहो, पण त्या पडावावरच्या दोघांचं पुढे काय झालं? ते कोणी विचारलंच नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

जामीन झाला. पडाव तहसील कचेरीच्या मागे उलटा घालून ठेवलाय. दंड भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पडाव सुटल्याशिवाय दंडाला पैसे नाहीत. फळ्या उन्हात उकलायला लागल्यात, म्हातारा अधूनमधून जाऊन त्यावर पाणी मारून येतो. पहिल्या दिवशी शिपायाने हटकलं होतं, आता तोच बादली देतो.

उगाचच

आणि पाइप?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नूतनीकरण झालं.