दिवस भरले, कळा नाहीत. घरच्या घरी काय करता येईल?

फोंडेकरीण: पहिलटकरीण आहे. आज 40 आठवडे 2 दिवस. बाळाचं डोकं खाली आहे, बाळाभोवतीचं पाणीही पुरेसं आहे. डॉक्टर म्हणाल्या, 41 पूर्ण होईस्तोवर थांबू, नाहीतर दाखल करून कळांचं औषध देऊ. ते टळलं तर बरं असं वाटतं. सासूबाई एरंडेल घे म्हणतात, पेडण्याहून आई अननस खा म्हणते. पाऊस उघडत नाही, फिरायला जाऊ तरी कुठे? कुणाला कशाने खरंच गुण आला असेल तर सांगा.

डिचोलीची आत्या: बाय, एरंडेलाला हात लावू नकोस. माझ्या थोरल्याच्या वेळी गरम कॉफीत दोन मोठे चमचे घालून दिलं होतं. कपावर तेलाचा तवंग तरंगत होता, नाक धरून प्याले. मध्यरात्रीपासून जुलाब. पोटात मुरडा यायचा तो कळ समजून मी घड्याळ बघत बसायचे. पहाटे उठायचंही त्राण उरलं नाही, सलाईन लावावं लागलं. बाळ त्यानंतर तीन दिवसांनी झालं, तेही आपल्या वेळेला. त्या तीन दिवसांत अंगात जी ताकद हवी होती ती मी आधीच घालवून बसले होते.

प्रसूतिगृहातली नर्स: आत्यांचं अगदी खरं आहे. एरंडेलाने आतडी ढवळतात, शरीरातलं पाणी जातं. अननसाचं म्हणाल तर ज्याने कळा येतात असं म्हणतात ते त्यातलं ब्रोमेलेन नावाचं द्रव्य इतकं थोडं असतं आणि पोटात गेल्यावर पचून जातं, त्यामुळे आवडतो म्हणून दोन फोडी खा, बस. खजुराचा अभ्यास जॉर्डनमध्ये झालाय, 2011 मध्ये छापून आला. शेवटचे चार आठवडे रोज 6 खजूर खाणाऱ्या बायकांना आपसूक कळा जास्त प्रमाणात आल्या. पण तुमच्याकडे आता चार आठवडे नाहीत. साखर वाढलेली नसेल तर जरूर खा, अंगाला ताकद येईल.

स्तनाग्रं चोळल्याने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि कळा येऊ शकतात, हे खरं. मात्र कळा एकावर एक आल्या तर बाळाला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी करू नका.

पुढच्या तपासणीत ‘स्वीपिंग’बद्दल विचारा. गर्भपिशवीचं तोंड थोडं उघडलं असेल तर डॉक्टर बोटाने आतला पडदा सैल करतात. दुखतं, थोडा रक्ताचा डागही दिसतो, पण बऱ्याच जणींना औषधाची वेळ येत नाही. आणि आली तरी घाबरू नका. 41 आठवड्यांनंतर बाळाला पोसणारी वार थकत जाते, म्हणूनच डॉक्टर जास्त थांबत नाहीत.

डाव्या कुशीवर झोपून बाळाची हालचाल मोजा, दोन तासांत 10 तरी हव्यात. कमी वाटली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर कळांची वाट न बघता 108 ला फोन करा.

कवळेकर: बायको संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारायची, वर छप्पर असल्याने भिजायला होत नाही. कळा त्याने आल्या का ते सांगता येणार नाही, पण पाठ मोकळी व्हायची आणि झोप लागायची. ओल्या फरशीवर मात्र कुणाचा तरी हात धरून चाला.

फोंडेकरीण: आत्या, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, बाटली उचलून कपाटात ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. स्वीपिंगचं उद्या विचारते. आता कुशीवर झोपून मोजतेय, सासूबाई बोटांवर हिशेब ठेवताहेत. अर्ध्या तासात 7 झाल्या.