मदत हवी आहे: दारू सोडवायची गोळी वरणात मिसळून दिली तर चालते का?

मानेवाडा_ताई: भाऊ ४४ वर्षांचा. रोज देशीचे तीन पव्वे. सकाळी घेतल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही. आई संगतीला दोष देते, शेजारी म्हणतात वहिनीनं धाक ठेवला नाही, काकांच्या मते मनावर घेतलं की सुटते. पोळ्याच्या करीला शेवटची पिऊ द्यायची, दुसऱ्या दिवसापासून खोलीत कोंडायचं आणि डायसल्फिरम वरणात घालायचं, असं घरी ठरतंय. करावं का?

गिट्टीखदानकर: दोन्ही करू नका, ताई. सकाळची थरथर म्हणजे शरीराला दारूची सवय लागली आहे. अशात एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बडबड, ताप सुरू झाला तर जीवावर बेतते. डॉक्टर थरथर-फिट आटोक्यात ठेवणारी क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी सुरू करून आठवडाभरात कमी करत नेतात. डोळे पिवळे दिसत असतील तर आधीच सांगा, औषध बदलावं लागतं. आणि गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका, आधी बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन हवं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

फिट आलीच तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको. १०८ ला फोन.

सदर_फार्मसी: डायसल्फिरमबद्दल. ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. वर दारू प्याली की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. माहीत नसलेला माणूस नेहमीसारखा पव्वा मारणार, मग काय होईल? त्याच्या संमतीनं, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी, हृदय-यकृत तपासूनच सुरू करतात. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत धोका राहतो. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, हे कोणी सांगत नाही.

खामला_भाऊ: आजार आजार म्हणून लाड चालले आहेत. आजार म्हटलं की पिणारा हात वर करून मोकळा!

गिट्टीखदानकर: भाऊ, फिट येणं त्याच्या हातात नाही, पण दर आठवड्याला तपासणीला जाणं त्याच्याच हातात आहे. घरच्यांनी भट्टीवरची उधारी फेडायची नाही, साहेबाला "ताप आहे" असा खोटा फोन करायचा नाही. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना. वहिनीला यात ओढू नका, तिच्या धाकानं पव्वा सुटत नसतो. तिच्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, सभा आहेत.

मानेवाडा_ताई: मग करीपर्यंत थांबायचं?

गिट्टीखदानकर: कशाला? उद्याच मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत न्या. तोवर बाटली हिसकावू नका. रोज किती, शेवटची किती वाजता, आधी कधी फिट आली का, हे कागदावर लिहा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्या. जाण्याआधी काही विचारायचं असेल तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.