तळपायावर नवा काळा ठिपका: तीळ म्हणून सोडायचा की दाखवायचा?

घाटमाथा:
वडील, वय 61, मधुमेह आहे. डाव्या तळपायावर टाचेच्या थोडं पुढे काळपट ठिपका आलाय. चार महिन्यांपूर्वी नव्हता, आता पट्टीने मोजला तर 5 मिमी भरतो. दुखत नाही, खाजत नाही. घरात कुणी म्हणतं तीळ, कुणी म्हणतं कुरूप, बिब्बा लावा. सावळ्या कातडीला त्वचेचा कॅन्सर होतच नाही म्हणतात, ते खरं का?

खलबत्ता:
बिब्बा, चुना, अ‍ॅसिड, 'तीळ काढून मिळेल'वाले, सगळं बंद. वरचा रंग जळतो, खालच्या पेशी राहतात आणि तपासायला तुकडाच उरत नाही. मधुमेहात ती भाजलेली जखम चिघळते, ते वेगळंच.

सावळ्या कातडीत मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, कमी होतो, हे बरोबर. पण होतो तेव्हा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. त्याचा उन्हाशी संबंध नसतो, म्हणून 'आम्ही कुठे उन्हात फिरतो' याला अर्थ नाही.

नेहमीचे निकष म्हणजे दोन अर्धे न जुळणारे, कड वेडीवाकडी, एकापेक्षा जास्त रंग, 6 मिमीपेक्षा मोठा, बदलत जाणारा. हे अंगावरच्या तिळांना ठीक आहेत. तळपायावर थोडे तोकडे पडतात, कारण सुरुवातीला ठिपका लहान आणि नीटस दिसू शकतो. पायासाठी पाच गोष्टी बघा: रंग बाकीच्या त्वचेपेक्षा वेगळा, निदान पक्कं नाही, रक्त किंवा पाझर, वाढ, दोन महिन्यांत न भरणारी जखम. यातल्या दोन जुळल्या की त्वचारोगतज्ज्ञ. तुमच्याकडे रंग आणि वाढ आहेच, शिवाय निदानावर घरातच एकमत नाही. 6 मिमी होण्याची वाट बघू नका, याच आठवड्यात जा.

दुर्बीण:
घाबरण्याआधी हेही: टाचेवर चप्पल घासून किंवा जोरात पाय आपटून कातडीत रक्त साकळलं तरी हुबेहूब असाच डाग दिसतो. तो सहसा काही आठवड्यांत कातडीबरोबर निघून जातो. चार महिने वाढत राहत नाही. ब्लेडने घरी खरवडून बघू नका, तो उद्योग डॉक्टरांचा.

डर्मोस्कोप, म्हणजे साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग, आहे का हे आधी फोन करून विचारा. तळव्यावर ठशांसारख्या रेषा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा रेषांमधल्या खाचांत असतो. मेलानोमाचा रंग उंचवट्यांवर पसरतो. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, आणि मोबाइलच्या झूमने तर नाहीच.

घाटमाथा:
धन्यवाद. त्याच पायाच्या अंगठ्याच्या नखात एक उभी तपकिरी रेघही आहे. तीही दाखवू?

खलबत्ता:
हो, दाखवा. बऱ्याच नखांत बारीक रेघा असतील तर सावळ्या लोकांत ते नेहमीचं. एकाच नखात, उतारवयात नव्याने आलेली, 3 मिमीपेक्षा रुंद होत जाणारी, किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेला असेल तर थांबायचं नाही. मार लागून काळं पडलेलं असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकतो. पण पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिमी वाढतं, म्हणून ते कळायला महिने लागतात. तोवर वाट बघत बसू नका.

परीक्षानळी:
संशय असेल तर डाग शक्यतो पूर्ण, भोवतीच्या साधारण 2 मिमी चांगल्या कातडीसह काढतात. वरवर खरवडून किंवा लेझरने जाळून नाही. तसं केलं तर खोली मोजता येत नाही, आणि पुढचे उपचार त्या मिलिमीटरवरच ठरतात. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. 'साधा तीळ होता, टाकून दिला' हे उत्तर चालवून घेऊ नका.

जाताना पट्टी बाजूला ठेवून काढलेला फोटो आणि अलीकडची साखर घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ लागत असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं.