कणकुंबीची वाट: देवराई, गवळीवाडा आणि जळवा

शहापूरकर: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही १२ जण, त्यात दोन लहान मुलं, बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला जायचं म्हणतोय. मलप्रभेचा उगम, एखादी देवराई आणि दुपारचं जेवण गवळीवाड्यावर. परवानगी कुठं लागते? वाड्यावर काय सांगून जायचं? जळवा असतील का?

खानापुरी: उगम माउलीच्या देवळाजवळच आहे, तिथं परवानगीचा प्रश्न नाही. रानात आत शिरायचं असेल तर मात्र भीमगड अभयारण्य लागतं, २०११ पासूनचं. वनखात्याला आधी विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. बारापेडेच्या गुहेचा नाद तर सोडाच. रॉटनचं वटवाघूळ ही दुर्मीळ जात, तिची शास्त्रात पहिली नोंद १९१३ साली तिथूनच झाली. बॅटरीच्या उजेडानं नि बोलण्यानं ती बिथरतात, पिलं खाली पडतात.

रानवाट: गवळीवाड्यावर दोन दिवस आधी नक्की आकडा कळवा. सकाळचं दूध लवकर डेअरीला जातं, त्यामुळं दह्यासाठी आदल्या संध्याकाळचं दूध बाजूला काढून विरजावं लागतं. आयत्या वेळी "अजून चौघे आलेत" म्हटलं की घरच्यांच्या वाट्याचं तुमच्या ताटात येतं. १२ जणांना ३० भाकऱ्या धरा, म्हणजे साधारण ३ किलो तांदळाचं पीठ. पीठ नि डाळ तुम्हीच घेऊन जा, आणि पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात द्या, वाटाड्याच्या नको.

देवराईत गावकऱ्याला सोबत घेऊनच जायचं. चपला बाहेर. पान तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. तो पालापाचोळा कुजूनच जमीन पाणी धरते आणि खालचा झरा उन्हाळ्यात टिकतो. दसऱ्याच्या दिवसांत गेलात नि गजानृत्य, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, चालू असेल तर कडेला उभं राहून बघा. ते देवापुढचं आहे, फोटोसाठी "परत एकदा नाचा" म्हणू नका.

शहापूरकर: पीठ-डाळीचं बरं सांगितलंत. आणि जळवा?

खानापुरी: पाऊस लांबला तर भरपूर. तंबाखूच्या पाण्यात मोजे रात्रभर भिजवून वाळवा, पँट मोज्यात खोचा. मुलांना नुसते लांब घट्ट मोजे घाला, तंबाखू नको. चिकटलेल्या जळवेवर मीठ टाकू नका, ती पोटातलं जखमेत ओकते. चामडीला लागलेल्या तोंडाखाली नख सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेनं ते गोठत नाही. फडकं दाबून धरा, घाबरू नका. गोचीड मात्र वेगळी. तिला तेल-रॉकेल लावायचं नाही, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना "रानात गोचीड चावली होती" हे सांगाच.