तोलेदोमधील मार्झिपान आणि दमास्कीनकाम : मदत हवी आहे

नमस्कार. स्पेनमधील तोलेदो या जुन्या शहरात आम्ही दोघे दोन दिवस राहणार आहोत. माद्रिदहून जलद रेल्वेने सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येत असल्याने बहुतेक प्रवासी त्याच दिवशी परततात. आम्हाला मात्र कॅथीड्रलच्या आसपासच्या गल्ल्या सावकाश पाहायच्या आहेत.

बदाम आणि साखरेपासून तेथे केले जाणारे मार्झिपान प्रसिद्ध असून काही मठांतील ख्रिस्ती जोगिणी (नन) आजही ते बनवतात आणि भिंतीत बसवलेल्या, ‘तोर्नो’ नावाच्या फिरत्या लाकडी कपाटातून, स्वतः न दिसता, विकतात, असे वाचले. ही खरेदी नेमकी कशी करायची? घंटा वाजवून थांबायचे का, रोख रक्कमच द्यावी लागते का, आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी तोर्नो बंद असतो का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पोलादावर बारीक रेघा कोरून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवायची आणि मग उरलेला पृष्ठभाग काळा करायचा, हे दमास्कीनकाम प्रत्यक्ष होताना पाहण्याची माझी फार इच्छा आहे. दुकानांत यंत्रावर छापलेल्या स्वस्त वस्तूही असतात म्हणे (आमच्या पिशवीत नेमक्या त्याच येतील, अशी पत्नीची खात्री आहे). हातकाम कसे ओळखावे, आणि कारागिरांना काम करताना पाहता येईल अशा कार्यशाळा कोणत्या भागात आहेत, हे तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.