गच्ची तापते? एकदा वर जाऊन बघा

एक फॉरवर्ड फिरतोय की सौर पॅनलमुळे गच्ची तापते आणि वरच्या मजल्यावर राहता येत नाही. अहो, उलट आहे! ऐरोलीत आमच्या शेजारच्या इमारतीवर पॅनल आहेत. मे महिन्यात भर दुपारी त्यांच्या सावलीत अनवाणी उभं राहता आलं, दोन पावलांवरच्या उघड्या लादीवर मात्र तळवे भाजले. आमच्या सोसायटीच्या सभेत हाच फॉरवर्ड तीनदा वाचला गेला. जिना चढून बघायला कुणी उठलं नाही. फार वाईट वाटलं.

शंका घ्याच, पण कामाच्या घ्या. लाइट गेली की बॅटरी नसलेली यंत्रणाही बंद होते, लाइनवरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. हे आधी विचारा. एक किलोवॅट पॅनलमागे दिवसाला साधारण ४ युनिट वीज धरा, लिफ्ट-पंपाचं बिल समोर ठेवा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे.