विषय: तीर्थनची ट्राउट सहल दिवाळीआधी, तारखा लगेच ठरवा

प्रेषक: नाना, चोपडा

मंडळी, नमस्कार.

न्यूझीलंडात क्राइस्टचर्चकडच्या, आपल्या मासेमारी मंडळातल्या काहींनी विमानाची तिकिटं बघायला घेतली असं कानावर आलं, म्हणून घाईने लिहितोय. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी जायचं असेल तर ३१ ऑक्टोबरच्या आत जावं लागेल. हिमाचलात ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत बंद असतात. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच उरकली, म्हणून भाऊबीज करून निघायला वाव होता. यंदा लक्ष्मीपूजनच ८ नोव्हेंबरला आहे.

दसरा २० तारखेला. तो आपापल्या घरी करा. २२ ला भुसावळहून पंजाब मेल, दिल्लीहून रात्रीची बस, औटला उतरायचं आणि तिथून बंजारमार्गे गुशैणी. कोजागिरी नदीकाठी होईल. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधीच उघडतं आणि दिवाळीच्या तोंडावर ते टिकत नाही, तेव्हा नावं रविवारपर्यंत कळवा. मासेमारीचा परवाना प्रत्येकाचा वेगळा काढावा लागतो. त्यासाठी ओळखपत्राची प्रत मला पाठवून ठेवा.

नाना


प्रेषक: ताई, क्राइस्टचर्च (माहेर अमळनेर)

नाना, २० ला पोहोचणं आम्हाला शक्य नाही. दोघांची मिळून जेमतेम दोन-अडीच आठवडे रजा आहे. दसऱ्याला आलो तर लक्ष्मीपूजनाआधी परत फिरावं लागेल, आणि आईला मी शब्द दिलाय की यंदा दिवाळीला घरी असू. इकडे २६ ऑक्टोबरला कामगार दिनाची सुट्टी आहे. शनिवारी २४ ला निघालो तर एक रजा वाचते. मग आम्ही दिल्लीत उतरून सरळ औटला येतो, ३१ पर्यंत नदीवर थांबतो आणि तिथून खाली अमळनेरला. भुसावळला येऊन पुन्हा वर जायचं म्हणजे आमचे तीन दिवस गाडीतच जातील.

तुम्ही सगळे दोन-तीन दिवस उशिरा निघालात तर औटला भेटू. एवढंच मागणं आहे.

आणखी एक. आमच्याकडे उंचावरच्या बऱ्याच नद्या नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतात. तो दिवस सोडून आम्ही येतोय, हेही ध्यानात घ्या.


प्रेषक: भाऊ, भुसावळ

एवढ्या लांब जायचंच कशाला? हतनूरला या. तापीचं पाणी ऑक्टोबरात भरलेलं असतं, मरळ आहे, आणि मरळ बेडकासारख्या फ्लायवर, म्हणजे गळाला बांधलेल्या खोट्या भक्ष्यावर, झेप घेतो हे मी स्वतः पाहिलंय. तोरणमाळच्या यशवंत तलावात ट्राउटचं बी (पिल्लं) सोडता येईल का, हाही विचार मंडळाने करावा. थंड हवेचं ठिकाण आहे, नंदुरबारकरांना रोजगार होईल.

आणि परत एकदा सांगतो, सहल भुसावळहूनच निघते. गाडीतली शेवभाजी, कळण्याची भाकरी, रात्रभरच्या गप्पा हे सगळं सोडून जो तो आपापला औटला उगवणार असेल तर ती मंडळाची सहल कसली?


प्रेषक: तात्या, टिमारू

भाऊ, तोरणमाळचं मनातून काढा. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास. निलगिरीत १९०७ साली अव्हलांचला ट्राउटची हॅचरी (अंडी उबवायचं केंद्र) झाली ती दोन हजार मीटरच्या आसपास. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटला धाप लागते, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या वर, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या जवळपास. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. त्या झळा तोरणमाळलाही पोचतात. सोडलेलं बी पहिल्या उन्हाळ्यात मरेल आणि तलावात आधीच असलेल्या माशांना त्रास होईल तो वेगळाच.

हतनूरला जरूर जाऊ, पण धरणातली मासेमारी मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. ठेका कोणाकडे आहे ते बघून त्यांच्या अध्यक्षांना आधी भेटायचं. तो मासा त्यांच्या पोटापाण्याचा आहे.


प्रेषक: भाऊ, भुसावळ

तात्या, अध्यक्षांकडे मी जातो. हतनूरचं माझ्याकडे राहू द्या, दुसऱ्या कोणी मध्ये बोलणी करू नयेत. तोरणमाळचं पटलं.


प्रेषक: वहिनी, ऑकलंड (सासर यावल)

जेवणाचं माझ्याकडे आहे म्हणून विचारते. डिसेंबरात का नाही? बामणोदची वांगी तेव्हाच खरी चवीला येतात. शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत सोडून ऑक्टोबरच्या उकाड्यात यायचं म्हणजे जिवावर येतं. नदी बंद म्हणजे किती बंद? पकडून सोडून दिला तरी चालत नाही का?

सासरच्यांनी न्यूझीलंडचा ट्राउट घेऊन या म्हणून निरोप दिलाय. इकडे ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे, दुकानात मिळतच नाही, हे त्यांना कितीदा सांगितलं तरी खरं वाटत नाही.


प्रेषक: नाना, चोपडा

वहिनी, पकडून सोडला तरी चालत नाही, आणि ते योग्यच आहे. थंडी पडायला लागली की ब्राउन ट्राउट अंडी घालतो. मादी शेपटीने बारीक खडीत खळगा करते, अंडी पडली की वरून खडी लोटते. त्या गार पाण्यात पिल्लं बाहेर यायला महिने लागतात. एवढा काळ ती अंडी खडीखाली असतात, वरून दिसत नाहीत. वेडर (पाणी आत न शिरणारी उंच विजार) घालून आपण नदीत उतरलो की आपले बूट नेमके त्या खडीवर पडणार. गळाला मासा लागो न लागो, नुकसान व्हायचं ते होतंच.

मागे कोणीतरी म्हणालं होतं, बाहेरून आणलेला मासा, त्याची एवढी काळजी कशाला. काश्मीरमधून १९०९ साली अंडी कुलूत आणली हे खरं. पण आज त्या खोऱ्यातली कितीतरी घरं ट्राउटवर चालतात. नदीकाठी राहणारे चार महिने गळ टाकत नाहीत, तर पाहुण्यांनी टाकू नये. डिसेंबरात भरीत जरूर करा, माझ्या मळ्यात करा, पण त्याला ट्राउटची सहल म्हणू नका.

ताई, तुमची अडचण खरी आहे. पण मी २२ का धरली तेही ऐका. यंदा धुळे-शहाद्याकडची पाच-सहा पोरं पहिल्यांदाच येताहेत. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसतं, लाइनला म्हणजे दोरीला असतं. तो हात बसायला वेळ लागतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मळ्यात, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सगळ्यांचा सराव घ्यायचा आणि लगेच निघायचं, असा बेत होता. शिकवणार तुमचे यजमान. ते थेट औटला आले तर इथे शिकवणार कोण?


प्रेषक: ताई, क्राइस्टचर्च

सराव तिथेच घेता येईल. नदीकाठी मोकळी जागा बघून पहिला दिवस फक्त लोकरीवर. हे मी यांना विचारूनच लिहितेय. पाण्याचा आवाज, वारा, मागची झाडं या सगळ्यात लाइन कशी मागे न्यायची ते मळ्यात कळणारच नाही. पोरांना पाच वजनाच्या लाइनचे नऊ फुटी रॉड आम्ही इकडून आणतो, नवे घ्यायला लावू नका.


प्रेषक: तात्या, टिमारू

ताईंच्या सामानावरून. बुटांचं बघा. इकडे न्यूझीलंडच्या नद्यांत २००४ मध्ये डिडिमो हे शेवाळ सापडलं आणि पुढे फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळव्याच्या बुटांवर बंदी आली, कारण फेल्ट आतून वाळत नाही. तीर्थनला नेण्याआधी बूट, वेडर, जाळी सगळं भांड्यांच्या साबणाच्या पाच टक्के द्रावणात भिजवून काढा आणि हाताला कोरडं लागल्यावर आणखी ४८ तास वाळू द्या. परत येतानाही हेच, आणि विमानतळावर मासेमारीचं सामान आहे हे फॉर्मवर लिहायचं. लपवलं तर दंड. भुसावळहून येणाऱ्यांनीही हतनूरचे ओले बूट तसेच वर नेऊ नयेत.


प्रेषक: भाऊ, भुसावळ

हतनूर सहलीनंतर ठेवू, म्हणजे बुटांचा प्रश्नच नको. पण गाडीचं काय ठरलं? इकडून सगळे एकत्र निघणार असतील तर दोन दिवस पुढे-मागे मला चालेल.


प्रेषक: नाना, चोपडा

ठीक. भुसावळहून पंजाब मेल २४ ला. औटला भेट २६ ला, क्राइस्टचर्चवाले त्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी. २७ ला सराव, २८ ते ३१ नदी, ३१ ला दुपारी रॉड आवरायचे. पोरांचं शिकवणं ताईंच्या यजमानांकडे, परवाने माझ्याकडे, गाडीतलं जेवण वहिनी येणार नसतील तर भाऊंच्या घरून.

वहिनी, येताय की नाही ते कळवा. एक बर्थ तुमच्यासाठी धरतोय.

नाना